चुंबळ

बँकेच्या कॅश काउंटरवर बसणाऱ्या माणसाला दिवसातून एकदा तरी असा ग्राहक भेटतो, की जो भांडून झाल्यावर चकित होऊन विचारतो, "मी एवढा बोललो, तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही हो?" याचं खरं उत्तर 'तुमच्या आधी अकरा जण बोलून गेलेत' हे असतं. पण मी नुसता हसतो आणि टोकन नंबर पुकारतो. त्यामुळे शाखेत माझी ख्याती स्थितप्रज्ञ अशी आहे. घरी ती नाही. का नाही, ते पुढे येईल.

जगात धक्के आहेत, याबद्दल कुणाचं दुमत नाही. वाद आहे तो धक्का आल्यावर माणसाने करायचं काय, यावर. थोरामोठ्यांनी सांगून ठेवलंय, की मन असं घडवावं, की बाहेरचे हेलकावे आतपर्यंत पोचूच नयेत. आता मी पडलो बी. कॉम. गीतेवर बोलायचा मला अधिकार नाही. डबल एन्ट्रीवर आहे. आणि डबल एन्ट्रीचा कायदा असा, की एका खात्यातून जे गेलं ते दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात निघालंच पाहिजे. मग माझ्यापर्यंत जो धक्का पोचला नाही, तो कुणाच्या नावे पडला? हा प्रश्न मला एखाद्या प्रवचनात पडला असता तर बरं दिसलं असतं. पण तो पडला डिझेल जनरेटरपाशी, २००८ साली, मुळशी तालुक्यात.

त्या वर्षी माझी बदली पौडच्या पुढे, ताम्हिणीच्या रस्त्यावरच्या एका शाखेत झाली. मुळशी म्हटलं की पुणेकराला धुकं, धरण आणि कांदाभजी आठवतात. मला आठवतं ते लोडशेडिंग. तेव्हा राज्यभर खेडोपाडी दिवसाचे कित्येक तास वीज नसे, आणि आमचं गाव तर धरणाच्या शेजारचं. हे धरण विजेसाठीच बांधलेलं. त्याचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पलीकडे जातं, सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याला उतरतं, तिथे १९२७ सालापासून त्याच्यावर वीज होते आणि ती वीज मुंबईकडे निघते. ती फास्ट लोकलसारखी. मधल्या स्टेशनांवर थांबत नाही. धरणाच्या काठी अंधार म्हणजे कॅशियरच्या खिशात सुट्टे नसण्यासारखंच. दोन्ही गोष्टी मी रोज अनुभवत होतो.

म्हणून बँकेने जनरेटर दिला होता. शाखा पहिल्या मजल्यावर. तिच्या मागे इमारतीचा एकमजली भाग होता, त्याच्या स्लॅबवर हे धूड बसवलेलं. स्लॅबखाली दोन खोल्या आणि त्या खोल्यांत एक आजी. पण आजी खाली राहतात हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं. पहिल्यांदा कळलं ते एवढंच, की जनरेटर सुरू झाला की आमची टेबलं थरथरतात. पासबुकाचा प्रिंटर असा काही हलायचा, की शिलकेचा आकडा वाचून ग्राहकाला आपले पैसे गारठलेत असं वाटावं. आमचे मॅनेजर तत्पर माणूस. त्यांनी पुण्याहून रबराची जाड पट्टी आणवली, तुकडे केले आणि झाडून सगळ्या टेबलांच्या पायांखाली घातले. थरथर निम्म्यावर आली. चहा कपातच राहू लागला. प्रश्न मिटला असं आम्ही ठरवलं.

चार दिवसांनी आजी जिना चढून आल्या. सरळ मॅनेजरांच्या केबिनमध्ये.

"सायेब, तुमचं इंजान सुरू झालं का आमचा देव निगतो जेजुरीला."

मॅनेजर मूळचे नागपूरचे. त्यांना वाटलं, यात्रेसाठी कर्ज हवंय. मग आजींनी उलगडून सांगितलं. देव्हाऱ्याच्या फळीवर घोड्यावर बसलेला पितळी खंडोबा आहे. जनरेटर लागला की देव हळूहळू फळीच्या कडेकडे सरकतो. रोज बोटभर. "काल बगते तर घोड्याचे फुडचे पाय फळीच्या भाईर. आज उडी टाकनार व्हता."

शाखेत हशा पिकला. मीही हसलो. मॅनेजरांनी मात्र गांभीर्याने घेतलं. गृहकर्जाच्या जाहिरातीसाठी हेड ऑफिसातून माऊसपॅड आले होते. गुळगुळीत कापड, खाली रबर, वर छापलेलं हसरं कुटुंब. त्यातलं एक त्यांनी शिपाईमामांच्या हाती पाठवलं आणि खंडोबा गृहकर्जाच्या जाहिरातीवर विराजमान झाले. देव सरकायचा थांबला. मॅनेजर खूश. 'ग्राहकांच्या गरजेनुसार सेवा' या सदराखाली त्यांनी याची कुठेतरी नोंद केली असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आठवड्याने आजी पुन्हा आल्या.

"देवाखाली घातलंत, बरं केलंत," त्या म्हणाल्या. "आता माझ्याखाली काय घालता?"

यावर केबिनमध्ये कुणीच काही बोललं नाही. बोलले ते बाहेर रांगेत उभे असलेले एक पेन्शनर. मुळशीच्या पाण्याकाठी बंगला बांधून राहिलेल्या निवृत्तांपैकी ते एक. जन्म कारखान्यांत यंत्रं बसवण्यात गेलेला, आणि निवृत्तीनंतर हलणारं काहीच हाती न राहिल्याने जरा बेचैन. पासबुक भरायला दर सोमवारी यायचे. एन्ट्री नसली तरी यायचे. ते सरळ आत आले.

"मॅनेजरसाहेब, तुम्ही टेबलाखाली रबर घातलंत, देवाखाली घातलंत. हादरा जिथून निघतो तिथे मात्र नाही घातलंत."

"तिथे घालून उपयोग होतो?"

"अहो, सूत्र एकच आहे. यंत्राखाली घातलं तर जमीन वाचते, टेबलाखाली घातलं तर टेबल वाचतं. रबर तेच, गणित तेच. फरक इतकाच, की यंत्राखाली एकदाच घालावं लागतं. नाहीतर मग गावभर घालत हिंडा."

मी तेव्हा व्हाउचर तपासत होतो, पण हे वाक्य कानात राहिलं. त्या क्षणापर्यंत आमच्यापैकी एकाच्याही मनात यंत्राखाली काही घालावं असं आलं नव्हतं. वाईट माणसं नव्हतो आम्ही. हादरा आपल्याला लागतोय हे आधी कळलं, म्हणून आधी आपली सोय केली. दुसऱ्याला लागतोय हे कळल्यावर दुसऱ्याचीही सोय केली. पण हादरा आपला आहे, हे काही कुणाला सुचलं नाही.

मॅनेजरांना एकदा पटलं की ते थांबत नसत. त्याच संध्याकाळी शिपाईमामांनी ट्रकचं जुनं टायर मिळवलं, त्याचे चार तुकडे कापले, गॅरेजमधला जॅक आणून जनरेटर उचलला आणि तुकडे खाली सारले. दुसऱ्या दिवशी अकराला वीज गेली. जनरेटर सुरू झाला आणि खिडक्यांच्या काचा गाऊ लागल्या. पंख्याच्या दांड्या खडखडल्या. भिंतीवरचं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक खिळ्यासकट खाली आलं. पाच मिनिटांत आजी दारात. या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. पदरात गुंडाळलेला खंडोबा हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

सोमवारची वाट न पाहता पेन्शनरांना बोलावणं गेलं. त्यांनी टायर पाहिलं, बोटाने दाबलं आणि पैसे काढायच्या स्लिपच्या पाठीवर गणित मांडलं. स्लिप वाया गेल्याचं दुःख मॅनेजरांच्या चेहऱ्यावर दिसलं, पण ते गप्प राहिले.

ते गणित मी जपून ठेवलंय. जनरेटर मिनिटाला १५०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २५. कोणतीही वस्तू दबणाऱ्या गोष्टीवर ठेवली, की तिला स्वतःची एक डोलायची लय येते. खालचा आधार वजनाने किती दबला त्यावरून ती काढता येते. आमचं टायर दबलं अर्ध्या मिलिमीटरहून कमी. त्यामुळे त्याची लय आली सेकंदाला पंचविसाच्याच घरात. यंत्र मारतंय आणि टायर त्याच ठेक्यात साथ देतंय! झोक्यावरच्या पोराला दर खेपेला बरोबर मागून ढकलावं तसं. "यंत्राचा वेग या लयीच्या निदान १.४१ पट, म्हणजे वर्गमूळ दोन पट, तरी हवा," पेन्शनर म्हणाले. "त्याच्या आत असेल तर खाली घातलेलं न घातल्यापेक्षा वाईट."

"मग काय करायचं?"

"दबलं पाहिजे. चांगलं सेंटिमीटरभर दबलं पाहिजे. मग लय उतरते सेकंदाला पाचावर. पंचवीस भागिले पाच, पाच. पाचाचा वर्ग पंचवीस, त्यातून एक वजा, चोवीस. खाली उतरेल तो हादऱ्याचा चोविसावा भाग. शंभरातले चार धरा."

शंभरातले चार मला लगेच समजले. त्या साली बचत खात्यावर साडेतीन टक्के व्याज होतं. म्हणजे ग्राहकाला वर्षभर पैसे ठेवून जे मिळायचं, त्याहून किंचित जास्त. इतक्या थोड्याने कुणाचा देव हलत नाही.

पण मला जास्त पटली ती टायरची गोष्ट. काउंटरवर आम्हाला एक वाक्य शिकवलेलं आहे, "मी तुमची अडचण समजू शकतो." हे वाक्य उच्चारलं की ग्राहक हमखास दुप्पट भडकतो. का भडकतो हे मला इतकी वर्षं कळत नव्हतं. त्या दिवशी कळलं. ते वाक्य अर्धा मिलिमीटरच दबतं.

खऱ्या स्प्रिंगा मागवायच्या तर खर्चाला मंजुरी हवी. आम्ही रीतसर लिहिलं, 'व्हायब्रेशन आयसोलेटर, नग चार'. विभागीय कार्यालयाचं उत्तर आलं, की शाखेतल्या कोणत्या कर्मचाऱ्याला आयसोलेशनची आवश्यकता आहे आणि त्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र जोडलंय का. (२०२० नंतर हा प्रश्न कुणाला वेडगळ वाटणार नाही, पण तेव्हा वाटला.) पुढच्या तीन पत्रांत काय झालं ते सांगत बसत नाही. शेवटी त्या स्प्रिंगा 'फर्निचर' या खात्यात पडल्या. दरवर्षी त्यांच्यावर घसारा निघत असे.

मंजुरी येईपर्यंत दोन महिने गेले. तोवर आजींना "काम चालू आहे" हे सांगायला रोज कुणीतरी खाली जावं असं ठरलं, आणि सर्वांत शांत माणूस म्हणून मला पाठवण्यात आलं.

खोली शेणाने सारवलेली. भांड्यांची मांडणी रिकामी. भांडी सगळी खाली जमिनीवर, पालथी. वाजतात म्हणून. आजींनी कोरा चहा दिला, माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि सहज म्हणाल्या, "तुम्हीच न्हवं का ते, अंगठा उठत न्हाई म्हून मला माघारी लावलेले?"

मला आठवेना. खरंच आठवेना. मग त्यांनीच सांगितलं, कुठल्याही तक्रारीशिवाय, पावसाबद्दल बोलावं तसं. श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला आल्या होत्या. जन्मभर शेण-माती-गवत करून बोटांच्या रेषा गेलेल्या. अंगठा पुसट उमटला. मी सांगितलं, उद्या साक्षीदार घेऊन या. साक्षीदार आणला तर त्याचं आमच्याकडे खातं नव्हतं. तिसऱ्या दिवशी खातं असलेला आणला. तीन वेळा त्या तो जिना चढल्या होत्या. गुडघे धरून. आणि मी त्या तिन्ही वेळा नेहमीसारखा शांत होतो. 'नियमात बसत नाही' हे वाक्य म्हणजे बँकेच्या माणसाच्या खुर्चीखालचं चार बोटं जाड रबर आहे. त्याच्यावर बसलं की आजींचा जिना माझ्यापर्यंत पोचत नाही. माझ्या खात्यात एन्ट्री शून्य. आणि त्यांच्या खात्यात तीन जिने.

काय बोलावं हे न सुचून मी स्प्रिंगांची माहिती देऊ लागलो. यंत्राखाली स्प्रिंगा बसवणार, त्या दबणार, हादरा तिथेच जिरणार. आजींनी ऐकून घेतलं.

"म्हंजे चुंबळ की."

"हो, तसंच काहीसं."

"तसंच न्हवं, तेच. वझ्याखाली चुंबळ घालत्यात, सायेब. खाली जो उभा हाय त्याच्या पायाखाली घालून काय व्हतंय?"

आमच्याही घरी माझी आजी खलबत्त्याखाली घोंगडीची घडी घालत असे. वाड्यातलं खालचं बिऱ्हाड दुपारी झोपलेलं असायचं म्हणून. तिने खाली जाऊन त्यांच्या उशीखाली घोंगडी घातली नाही. हे तिला कुठल्या सूत्रात सांगितलं नव्हतं आणि विभागीय कार्यालयाची मंजुरीही लागली नव्हती.

पुढे मी रोज जाऊ लागलो. 'काम चालू आहे' हे एका मिनिटाचं वाक्य, पण चहाला अर्धा तास लागे. आजींचं सासर मूळचं धरणात गेलेल्या गावांपैकी. त्या स्वतः नंतरच्या, पण सासूबाई लहानपणी त्या गावात होत्या. "उन्हाळ्यात पानी हाटलं का चौथरं दिसत्यात. सासूबाई बोट दावून सांगायच्या, थितं आमची चूल व्हती."

मुळशी सत्याग्रहाचं नाव मला शाळेपासून माहीत. दोन मार्कांना यायचा. १९२१ च्या रामनवमीला मावळे बायका-पोरांसह धरणाच्या जागेवर जाऊन बसले, काम काही काळ थांबलं, पुन्हा सुरू झालं, १९२४ पर्यंत झुंज चालली आणि शेवटी धरण झालंच. टाटांच्या कंपनीला मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज हवी होती. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. शाळेत एक गोष्ट सांगितली नव्हती, निदान दोन मार्कांत मावली नव्हती. हे बापट तरुणपणी शिष्यवृत्ती मिळवून एडिंबराला गेले होते ते इंजिनिअरिंग शिकायला. म्हणजे धरण कसं बांधतात, वीज कशी होते, तिची देशाला गरज काय, हे त्या जमावात त्यांच्याहून चांगलं कळणारा माणूस कदाचित नसेल. तरी ते खालच्या बाजूला जाऊन बसले. वीज नको असं त्यांचं म्हणणं असेल असं मला वाटत नाही. हंडा मुंबईचा आणि डोकं मावळ्याचं, तर मधे चुंबळ कुठे आहे, एवढंच ते विचारत असावेत. मोबदला ठरला, पण कसणारी कुळं एकीकडे आणि जमिनीचे मालक सावकार दुसरीकडे. रोख रकमेत सावकारांना अधिक रस. टायरचे तुकडे घातले म्हणायचे.

मुंबईची मात्र सोय चोख. पश्चिमेच्या वीजजाळ्याला मोठा झटका बसला, की मुंबईला तेवढ्यापुरतं बेटासारखं अलग काढायची व्यवस्था १९८१ सालापासून आहे. म्हणजे अख्ख्या शहराच्या टेबलाखाली रबर. १२ ऑक्टोबर २०२० ला ती व्यवस्था फसली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, तेव्हा वर्तमानपत्रांना किती आश्चर्य वाटलं!

आता इथे कुणी म्हणेल, की स्वतःखाली रबर घालणं म्हणजे पापच की काय? नाही. भूजला २००१ च्या भूकंपानंतर जिल्हा रुग्णालय नव्याने बांधलं ते शिसं आणि रबर यांच्या टेकूंवर. जमीन खाली थरथरली तरी वरची इमारत सावकाश डोलेल. तिथे हादरा देणारी धरित्री आहे. तिच्याखाली काय घालणार? तिथे स्वतःला वाचवणं हाच धर्म. तैपेईतल्या १०१ मजली इमारतीच्या डोक्यात ६६० टनांचा पोलादी गोळा टांगलाय, वादळात इमारत एकीकडे झुकली की तो दुसरीकडे ओढतो. वादळाशी पत्रव्यवहार करता येत नाही. पण जनरेटरची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये होती. तेव्हा मला जो नियम सुचतो तो बी. कॉम.च्या बुद्धीचा आहे. आधी किल्ली कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे ते बघावं, मग रबर कापावं.

स्प्रिंगा आल्या. प्रत्येकीच्या पोटात तेलात बुडालेला एक दट्ट्या होता. स्कूटरच्या शॉकॲब्सॉर्बरचा चुलतभाऊ. "हा कशाला?" मॅनेजरांनी विचारलं. पेन्शनर म्हणाले, "यंत्र सुरू होताना शून्यावरून पंचविसावर जातं, आणि वाटेत पाच लागतो. बंद होतानाही लागतो. त्या क्षणी यंत्राची आणि स्प्रिंगेची लय जुळते आणि धिंगाणा होतो. तो धिंगाणा हा डॅम्पर गिळतो."

"आणि गिळून कुठे जातो?"

"उष्णता होते. डॅम्पर तापतो."

मी मनात म्हटलं, हा तर माझाच भाऊबंद. दिवसभर लोकांचा धिंगाणा गिळायचा आणि तापायचं. माझी ॲसिडिटी ही त्या शाखेतल्या साऱ्या ग्राहकांची साठलेली उष्णता आहे, याबद्दल मला तेव्हापासून शंका उरली नाही. पेन्शनर पुढे म्हणाले, की डॅम्पर गरजेपुरताच असावा. फार आवळला, तर चालू यंत्राचा हादरा तो गिळत नाही, उलट स्प्रिंगेला बगल देऊन खाली पोचवतो. हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही. ऐकायला हवं होतं.

जनरेटर सुरू झाला. पहिली दोन सेकंदं त्याने गोंधळ्यासारखं अंग घुसळलं, मग एकदम शांत झाला. पेन्शनरांनी माझ्या गल्ल्यातून एक रुपयाचं नाणं घेतलं आणि स्लॅबवर, यंत्रापासून हातभर अंतरावर, कडेवर उभं केलं. नाणं उभं राहिलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. शिपाईमामा खाली धावले आणि तितक्याच वेगाने वर आले.

"आजी म्हणतात, मांडणी अजून वाजतीय."

पेन्शनरांचा चेहरा पडला. त्यांनी स्प्रिंगा पाहिल्या, नट पाहिले, गुडघ्यांवर बसून खाली डोकावले. मग उठून भिंतीवर तळहात ठेवला आणि हसायला लागले. धूर बाहेर सोडणारा लोखंडी पाइप इंजिनापासून निघून थेट भिंतीला क्लँपने घट्ट आवळलेला होता. यंत्र स्प्रिंगांवर डोलत होतं आणि सगळा हादरा पाइपातून गुपचूप भिंतीत, भिंतीतून आजींच्या मांडणीत. पुढचं दार बंद करून मागच्या दाराने कर्ज मंजूर व्हावं तसं. मधे नळीचा लवचिक तुकडा बसवला, क्लँपाखाली रबर घातलं, आणि आजींची भांडी पुन्हा मांडणीवर गेली.

हे सगळं मी घरी येऊन मोठ्या रंगात सांगितलं. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. रंगात सांगायची हौस होती. स्प्रिंगा, दट्ट्या, उभं राहिलेलं नाणं. शेवटी म्हटलं, "तेव्हा मी काय आहे ते आज कळलं. मी बँकेचा डॅम्पर आहे. सगळ्यांचा राग गिळतो आणि आत तापतो."

ही पोळ्या लाटत होती. त्या आधीच्या रविवारी भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मी ताट सरकवून उठलो होतो. त्याच्या आधीच्या आठवड्यात आईचा फोन आला तेव्हा "कामात आहे" असं खेकसून ठेवला होता. काउंटरवर त्या दोन्ही दिवशी मी हसतमुख होतो, विचारा कुणालाही.

"तुम्ही डॅम्पर नाही," ही म्हणाली. लाटणं थांबलं नाही. "तुम्ही तो पाइप."

यावर मला उत्तर सुचायला बरीच वर्षं लागतील असं तेव्हा वाटलं होतं. तो अंदाज बरोबर निघाला; अजून सुचलेलं नाही. फरक एवढाच पडला, की शाखेतून निघाल्यावर मी सरळ घरी जाणं सोडलं. चांदणी चौकातल्या टपरीवर दहा मिनिटं थांबून चहा घ्यायचो. हिने विचारलं, उशीर का? म्हटलं, मधे लवचिक नळी बसवली आहे. आणि काउंटरवर, अंगठा पुसट उठलेला माणूस आला, की त्याला खुर्ची देऊन साक्षीदार मी रांगेतूनच शोधू लागलो. हेही नियमात बसत होतं. आधीही बसत होतं.

वर्षभराने माझी बदली झाली. पुढे २०२३ च्या जुलैत आम्ही सगळे पावसात ताम्हिणीला निघालो होतो. वाटेत मी गाडी थांबवली. शाखेत आता बॅटऱ्यांची खोली आहे, छपरावर सौर पॅनेल आहेत. जनरेटर कधीच गेला. स्लॅबवर चार गंजके ठसे राहिलेत. खाली आजींचा नातू राहतो, मोटारसायकली दुरुस्त करतो. आजी चार वर्षांपूर्वी गेल्या.

त्याने आत बोलावलं. देव्हारा त्याच जागी होता. फळीवर घोड्यावरचा खंडोबा, भंडाऱ्याने पिवळा झालेला, आणि त्याच्याखाली अजून ते माऊसपॅड. हसरं कुटुंब हळदीने झाकून गेलेलं, फक्त कोपऱ्यातला व्याजदर वाचता येत होता, आणि तोही जुना.

मी म्हटलं, "अरे, आता कशाला ठेवलंय हे? जनरेटर तर केव्हाच काढला."

"मी बी म्हनलं व्हतं आजीला," तो म्हणाला. "तर म्हनली, राहू दे. पुन्हा कवा चालू करतील, नेम न्हाई."